देव घासताना

आमच्याकडे देव घासायचं काम सिंकमध्ये चालतं. कोणाला हे खटकेल म्हणून आधीच सांगून टाकते, त्यापूर्वी सिंक दोनदा घासलेलं असतं आणि तळाशी परात ठेवलेली असते. खरकट्याच्या जागेला देव टेकायला नकोत, ही सासूबाईंची अट. पूर्वी त्या मोरीपाशी पाटावर बसून घासायच्या. गुडघे बोलायला लागल्यापासून देव ओट्याशी आले.

वर्षातून तीन-चारदा हा घाट घातला जातो. त्यातला मोठा कार्तिक अमावास्येचा, कारण दुसऱ्या दिवशी खंडोबाचं नवरात्र बसतं आणि चंपाषष्ठीपर्यंत घरात त्याचीच सद्दी असते. आषाढात सोडलेलं वांगं सासूबाई चंपाषष्ठीला खातात. आम्ही बाकीचे चातुर्मासभर खुशाल वांगी खातो, आणि तरी त्या दिवशी भरीत-रोडग्यावर पहिला हात आमचाच पडतो.

पितळेच्या देवांना चिंच, चांदीच्या टाकांना दंतमंजन. पितांबरी घरात आहे, पण ती समई आणि तांब्यांसाठी. माझे बाबा असते तर म्हणाले असते, चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते ऑक्साइडचा थर विरघळवतं, बाकी काही नाही. ‘बाकी काही नाही’ हे बाबांचं पालुपद होतं.

देवही काही फार नाहीत. एक गणपती, शंख, घंटा, दोन अन्नपूर्णा, दोन बाळकृष्ण. दोन-दोन, कारण लग्नात मुलीबरोबर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, आणि या घरात दोन सुना आल्या, एक त्या आणि एक मी. माझ्या आईने रुखवताच्या पिशवीत ते घातले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता दोन्ही बाळकृष्ण शेजारी शेजारी रांगतात, हातात लोण्याचा तोच गोळा, तोंडावर तेच हसू. सासूबाईंचा ओळखायची खूण एकच. टेकलेल्या गुडघ्याच्या बेचक्यात एक काळा डाग आहे, तिथवर बोट पोचत नाही. पन्नास वर्षं चिंच खाऊन तो तसाच आहे.

मग टाक. खंडोबाच्या टाकावर घोडा आहे, घोड्यावर देव, जवळ म्हाळसा, पायाशी कुत्रा. म्हणजे मला माहीत आहे म्हणून तसं दिसतं. चार पिढ्यांच्या बायकांनी घासून घासून देवाचं नाक कधीच गेलं, डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा राहिलाय. कुत्रं मात्र शाबूत आहे. त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नसावं. दुसरा टाक भवानीचा. तिसरा कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी आले तेव्हा होता.” रोज गंध-फूल त्यालाही मिळतं.

देव घासण्याबद्दल इतकं लिहायचं कारण असं की आमच्या घरात देवाबद्दल जे काही खरं बोललं गेलंय ते याच वेळी. हात ओले, नजर परातीत, तोंडं एकमेकींकडे नाहीत. दिवाणखान्यात समोरासमोर बसून ‘तुमचा देवावर विश्वास आहे का?’ असं कोणी कोणाला विचारत नाही. आपल्याकडे विचारतात ते ‘तुमच्याकडे देवाचं कोण करतं?’ देव ही करायची गोष्ट, दूध तापवण्यासारखी, इस्त्रीला कपडे टाकण्यासारखी. ‘श्रद्धा’ हा शब्द भाषणात येतो. ‘भाविक’ वर्तमानपत्रात असतात आणि ते नेहमी गर्दीच करतात. स्वतःबद्दल ‘मी भाविक आहे’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. ‘मी देव मानत नाही’ असं म्हणणारे मात्र भेटतात. कॉलेजपासून मीही त्यांच्यातलीच.

ते माहेरून आलं. बाबा साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायचे. २१ सप्टेंबर १९९५ला मी अकरा वर्षांची होते. गुरुवार होता. पितृपक्ष चालू होता, एरवी काही शुभ न करण्याचे दिवस, पण दूध प्यायला गणपतीने मुहूर्त पाहिला नाही. सकाळी दिल्लीकडून बातमी आली आणि दुपारपर्यंत आमच्या गल्लीच्या टोकाला देवळापुढे पातेली घेऊन रांग लागली. आजीला रांग झेपणार नव्हती. तिने घरचाच गणपती पाटावर घेतला, चमचा सोंडेला लावला आणि चमच्यातलं दूध कमी व्हायला लागलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अंगावर काटा आला होता, तो अजून आठवतो.

बाबा शाळेतून आले. त्यांनी काही वाद घातला नाही. वाटीत दूध घेतलं, त्यात चिमूटभर कुंकू कालवलं आणि चमचा सोंडेला लावला. सोंडेवरून एक गुलाबी रेघ निघाली, पोटावरून सरकत मांडीवर आली आणि ताम्हनात उतरली. पांढऱ्या दुधाची तीच रेघ ओल्या पितळेवर कोणाला दिसत नव्हती. “पृष्ठताण,” बाबा म्हणाले, “चमच्याच्या कडेला आलेला थेंब सोंड ओढून घेते. बाकी काही नाही.”

आजीने चष्मा लावून रेघ नीट पाहिली. म्हणाली, “अरे, लहान मूल दूध पिताना सांडतंच की थोडं.”

बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग दोघं जेवायला बसली. त्या दिवशी घराघरांत या विषयावर भांडणं झाली असतील, आमच्याकडे आजीने बाबांना आमटी वाढली. वाद कोण जिंकलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही.

आईचं वेगळं होतं. ती देवाचं सगळं करायची आणि त्याबद्दल अक्षर बोलायची नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं व्याख्यान असलं की बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही गोळा करून न्यायचे. आई कधी गेली नाही, पण बाबा परत आले की डॉक्टर काय म्हणाले ते ताट वाढता वाढता बारकाईने विचारायची. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉक्टरांना गोळ्या घातल्या. संध्याकाळी मी घरी फोन केला तेव्हा बाबा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. नंतर त्यांनीच सांगितलं. आईने दिवेलागणीला देवापुढच्या निरांजनाशेजारी आणखी एक दिवा लावला. बाबांनी विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, डॉक्टरांचा. बाबा म्हणाले, त्यांना हे चाललं नसतं. आई म्हणाली, मला चालतं. तेरा दिवस तो दिवा होता आणि शेवटी शेवटी त्यात तेल बाबा घालत होते. अर्थात हे आईने सांगितलं, बाबांनी नाही.

तर गेल्या कार्तिक अमावास्येची गोष्ट. सासूबाई अन्नपूर्णेच्या पळीत अडकलेला चिंचेचा चोथा काडीने काढत होत्या. माझ्या हातात खंडोबा होता. त्या अचानक म्हणाल्या, “तो दवाखान्यात होता ना, ते सतरा दिवस मी पूजा केली नव्हती.”

२०२१चा एप्रिल. माझा नवरा ऑक्सिजनवर होता. मी खाली पार्किंगमध्ये, आत कोणालाच सोडत नव्हते. घरी दहा वर्षांची लेक आणि या.

“तुम्ही तर रोज सकाळी तासभर देवाच्या खोलीत असायचात. ही सांगायची मला फोनवर.”

“असायचे. दार लोटून बसायचे नुसती. फूल नाही, दिवा नाही. त्याला म्हटलं, आधी तू तुझं कर, मग मी माझं करते.”

“भीती नाही वाटली?”

“कसली? जनाबाईने तर अंगणात उभं राहून शिव्या घातल्या विठोबाला. विठ्या म्हणाली, कारट्या म्हणाली. तिचं काय वाकडं झालं?”

मी खंडोबाच्या घोड्याचे पाय घासत राहिले. पार्किंगमधली एक रात्र मला समोर दिसत होती. दोन वाजले असतील. वरून फोन आला होता की पुढचे काही तास पाहू. मी, कॉलेजपासून देव न मानणारी, बाबांची लेक, स्कूटरच्या सीटवर डोकं टेकवून खंडोबाला म्हणाले होते की याला घरी आण, मी पायी गड चढून येते. तोही माझ्या माहेरचा देव नव्हे. सासरच्या देवाकडे डायरेक्ट. वर लाज अशी की या कानाचं त्या कानाला कळू नये, म्हणून मनातही हळू बोलले.

तो घरी आला. डॉक्टरांनी, सिस्टरनी, ऑक्सिजनने आणला, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण कबूल केलेलं डोक्यात राहिलं. त्यात देवळं बंद. नवस फेडायचा म्हटलं तरी देव भेटायला तयार नव्हता. देणेकऱ्याला आपसूक सहा महिन्यांची सवलत मिळाली आणि मी मनात म्हटलं, सुटले. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, देवळं उघडली. त्यानंतर एका शनिवारी घरी सांगितलं की सासवडला ऑफिसचं काम आहे आणि एकटी जेजुरीला गेले. पायऱ्या चढले. वर कोणीतरी ओंजळभर भंडारा उधळला, तो निम्मा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर. काय वाटलं म्हणाल तर दम लागला होता आणि खूप ऊन होतं. उतरताना बसस्टँडसमोर उसाचा रस प्याले. परत आल्यावर कुर्ता गुपचूप मशिनमध्ये टाकला.

“आई, मी पण एक सांगू?”

“जेजुरीला गेली होतीस ते?”

माझ्या हातातून टाक परातीत पडला.

“मशिनमधले कपडे वाळत कोण घालतं?” त्या म्हणाल्या. “हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. सासवडच्या ऑफिसात एवढी हळद कुठून आली म्हटलं.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तू सांगितलं का नाहीस?”

दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी विचारलं, तो घरी आला त्याच दिवशी पूजा सुरू केलीत का?

“छे! आणखी चार दिवसांनी. लगेच कसं गोड बोलायचं? यांच्याशी भांडले तरी चार दिवस लावायची मी.” हसल्या. आणि मग काडी खाली ठेवून म्हणाल्या, “पण एक सांगू? भीती वाटली ती वेगळीच. पूजा नाही केली, तर मला चुकल्यासारखं वाटेल असं धरून चालले होते. नाही वाटलं गं. एक दिवसही नाही. मग एवढी वर्षं मी तिथे बसून काय करत होते?”

याला काय म्हणावं ते मला सुचलं नाही. बाबांकडे उत्तर असतं, पण ते सासूबाईंना उपयोगी पडलं नसतं. मी नळ सोडला आणि टाक धुतला.

तेवढ्यात लेक आली. क्लास सुटला होता, भूक लागली होती, पण परात दिसल्यावर बाह्या वर केल्या. हात पुढे नेऊन थांबली. “आजी, माझे चालू आहेत. लावू का हात?”

ज्या घरात मी पहिली दोन वर्षं महिन्यातले चार दिवस देवाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढले, त्याच घरात हा प्रश्न एवढ्या मोठ्या आवाजात विचारला गेला होता. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “हात लाव. फक्त सांगू नकोस.”

“कोणाला? देवाला?”

“मला.”

लेकीने खांदे उडवले, बेसिनवरचा जुना टूथब्रश आणला आणि कामाला लागली. आमचं बोलणं अर्थातच तिथे थांबलं. चंपाषष्ठीला तळी उचलायला पाच पुरुष कुठून आणायचे, यावर विषय गेला. आमच्या मजल्यावर येऊन-जाऊन तीन. गेल्या वर्षी खालच्या वॉचमनला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पक्क्या नास्तिक काकांना बोलावलं होतं. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ सगळ्यांत मोठ्याने काकाच ओरडले आणि खोबऱ्याचा वाटाही दोनदा घेऊन गेले. या वर्षीही त्यांनाच सांगायचं ठरलं.

देव पुसून ओट्यावर पंचावर मांडले. दिव्याच्या उजेडात नवे कोरे दिसत होते, नाक नसलेला खंडोबासुद्धा. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्या वाकून दोन्ही बाळकृष्णांकडे बघत होत्या. मग एक उचलला आणि गुडघ्याच्या बेचक्यात अंगठ्याचं नख फिरवलं. तो ठेवून दुसरा उचलला.

“मी काढला तो डाग,” लेक टूथब्रश दाखवत म्हणाली. “केवढा जुना होता!”

“यातला माझा कुठला गं?” सासूबाईंनी मला विचारलं.

मी दोन्ही हातात घेऊन पाहिले. तोच लोण्याचा गोळा, तेच हसू. उजव्या हातातला त्यांना दिला. “हा.”

“नक्की?”

“नक्की.”

लेक माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी पदराने बाळकृष्ण पुसला आणि देवाच्या खोलीत घेऊन गेल्या. मी परातीतलं काळं पाणी तुळशीत ओतायला निघाले.