एक पावती जास्त

अमेरिकेतल्या मिनेसोटात मतदान केंद्रावर काम करणाऱ्याला ‘इलेक्शन जज’ म्हणतात. न्यायाधीशाशी त्याचा काही संबंध नाही. २ नोव्हेंबर २०२१, मिनिअ‍ॅपोलिस शहराची निवडणूक, आणि मी त्या कामावर. सकाळी सातला दार उघडण्याआधी मतं मोजणाऱ्या यंत्रातून शून्याची पट्टी काढली, प्रत्येक नावापुढे ० आहे हे पाहून सगळ्यांनी सह्या केल्या.

मतपत्रिका हातात आली की माणसं थबकायची. महापौरपदाला १७ उमेदवार, आणि या शहरात २००९ पासून पसंतीक्रमाने मतदान. आपल्याकडे विधान परिषदेला नावापुढे १, २, ३ आकडे लिहितात. इथे आकडे नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी पसंती असे तीन रकाने, तिन्हींत तीच १७ नावं; एका पदासाठी काळे करायला छापील नावांपुढचेच ५१ लंबगोल. माझ्या मते आकडे लिहिणं सोपं.

नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच रकान्यात तीन नावं काळी करणं. यंत्र अशी पत्रिका परत करतं. मग जुनी पत्रिका खराब म्हणून वेगळ्या लिफाफ्यात टाकायची आणि नवी द्यायची. तिन्ही रकान्यांत एकच नाव भरणारेही बरेच. त्यांना वाटतं मताला तिप्पट वजन येईल. मत बाद होत नाही, पण वाढतही नाही: दुसरी पसंती पाहिली जाते ती पहिला उमेदवार बाद झाल्यावरच.

त्या दिवशी लोकांनी सगळ्यात जास्त विचारलं ते मतपत्रिकेवरच्या प्रश्न क्रमांक २ बद्दल. मे २०२० मध्ये याच शहरात पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्यावर पोलीस खात्याऐवजी सार्वजनिक सुरक्षा खातं आणायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला होता. ‘हो म्हटलं तर पोलीस जातात का?’ असं एका आजोबांनी विचारलं. ‘छापलंय तेवढंच वाचा, मला त्यापुढे बोलता येत नाही,’ एवढंच उत्तर. आजोबा रागावले. रागावणारच.

दुपारी विद्यार्थ्यांची रांग. इथे मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं, पण पत्त्याचा पुरावा लागतो. विजेचं बिल रूममेटच्या नावावर असलं की तिथे अडतं. मग त्याच केंद्राचा नोंदणीकृत मतदार शपथेवर ‘हा इथेच राहतो’ असं सांगू शकतो. एकाला जास्तीत जास्त आठ जणांसाठी.

रात्री आठला रांगेतल्या शेवटच्या माणसामागे एक जज उभा केला. त्याच्या पुढच्या सगळ्यांना मत देता येतं. मग हिशेब. सही केली की मतदाराला पावती, पावती दिली की पत्रिका. म्हणून पावत्या आणि यंत्रावरचा आकडा जुळलाच पाहिजे. पावती एक जास्त निघाली. कुणी पत्रिका खिशात घालून गेला की काय? आधी खराब पत्रिकांचा लिफाफा उघडून नोंदीशी ताडला. जुळला. मग २५-२५ चे गठ्ठे वेगवेगळ्या पक्षांच्या दोघांनी पुन्हा मोजले. सातव्या गठ्ठ्यात २४ पावत्या.

बाहेर पडताना रखवालदाराने विचारलं, ‘कोण आलं?’ पट्टीवर फक्त पहिल्या पसंतीचे आकडे होते, तेही आमच्याच केंद्राचे. शहरभरात तेव्हाचे महापौर जेकब फ्रे पहिल्या फेरीत पुढे होते, पण निम्म्यापर्यंत पोचले नव्हते. पुढची फेरी मोजली गेली ती दुसऱ्या दिवशी.