सातबाऱ्यावरचे अज्ञान नाव

रावेर-यावल भागात केळीची जमीन घेताना सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी नोंद (म्हणजे मालक अज्ञान, १८ वर्षांखालील, असून त्याच्या वतीने पालकाचे नाव लागले आहे) दिसली, तर इसार देण्याआधी थांबावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात असा करार मुळातूनच रद्दबातल ठरवला. त्यामुळे १७ वर्षांच्या मुलाने केलेली सौदापावती त्याने पुढे सज्ञान होऊन मान्य केली तरी वैध होत नाही.

आईने सही केली म्हणजे काम झाले, हा समज तर अधिक घातक आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत विकण्यासाठी आईसारख्या नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते (एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याचा विचार वेगळा होतो). ती घेतलेली नसेल, तर सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांच्या आत तो मुलगा खरेदीखत रद्द करण्यासाठी दावा लावू शकतो. परवानगीला वेळ लागतो म्हणून खरेदीदार कुरकुरतात, परंतु वडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाची जमीन कर्जाच्या रेट्यात मातीमोल भावाने जाऊ नये, यासाठी ही अट मला अत्यंत आवश्यक वाटते.