आमची वाटचाल : कुशन, मग काच, मग पत्रा

सोलापुरात आमचं काम सुरू झालं ते कुशनचं. जीप, ट्रॅक्स, मॅटाडोर, अँबेसेडर यांच्या सीटा आणि टपाचं अस्तर, एवढंच. काचवाला वेगळा, डेंटर वेगळा. आज तिन्ही कामं एकाच छपराखाली होतात. त्यात धंदा वाढवायची हौस कमी आणि नाइलाज जास्त होता.

जुन्या अँबेसेडर, पद्मिनीत टपाच्या अस्तराची कड पुढच्या काचेच्या रबराखाली दाबलेली असते. काच जागेवर ठेवून अस्तर बदलायचं तर कापड रबरालगत कापून नुसतं चिकटवावं लागतं. मे महिन्यात इथे टपाला हात लावता येत नाही. चिकटवायचं सोल्यूशन पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं आणि कापड ड्रायव्हरच्या डोक्यावर येतं. म्हणून काच काढणं आलं. काच काढली की रबराखालची पत्र्याची कड हमखास गंजलेली निघते. त्या कडेवर नवं रबर बसवलं तर गंज फुगतो, काचेला एकाच जागी टोचतो आणि एके दिवशी खड्ड्यात चाक आदळलं की कोपऱ्यातून तडा जातो. गिऱ्हाईक म्हणतं काच हलकी होती. काच चांगली असते, खालचा पत्रा खराब असतो. म्हणून पत्राही आमच्याकडे आला.

काचेचं माप हा आमच्या कामातला सगळ्यात महागडा भाग, कारण टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. चूक झाली की काच भंगारात. पुठ्ठ्याचा साचा वाकतो, म्हणून ३ मिमी हार्डबोर्डचा करतो. रबराला दोन खाचा असतात, एकीत पत्र्याची कड, दुसरीत काच. त्यांच्यामधली भिंत ५ मिमी असेल तर काच प्रत्येक बाजूला ६ मिमी आत घ्यायची : ५ भिंतीचे, १ ढिलाईचा. म्हणजे चौकटीपेक्षा लांबीला आणि रुंदीला १२ मिमी कमी. जुन्या गाडीची चौकट काटकोनात असतेच असं नाही, म्हणून दोन्ही कर्ण मोजतो आणि डावीचा साचा उजवीला कधी वापरत नाही. पुढची काच लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली. जीपची सपाट असते, ती शीटमधून कापून मिळते. अँबेसेडरची गोलाई असलेली तयारच शोधावी लागते. काळी काच मागणाऱ्यांना नियम सांगतो : पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

मागच्या खिडक्यांना काचेऐवजी ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट टाकून स्वस्तात करून द्या, अशी मागणी नेहमीची. आम्ही टाळतो. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की वर्षभरात ते धुरकट होतं. शिवाय १ मीटरची पॉलिकार्बोनेट शीट ४० अंशांच्या फरकात अडीच मिमीच्या वर वाढते. स्क्रूची भोकं घट्ट ठेवली तर तिथूनच चिरते.

रबर कापताना ताणायचं नाही. ताणून कापलेलं रबर आठ-पंधरा दिवसांत आखडतं आणि जोडात बोटभर फट पडते. चौकटीचा घेर २४० सेंमी असेल तर आम्ही ३ सेंमी जास्त ठेवतो आणि दाबून बसवतो. जोड वरच्या कडेच्या मध्यावर. खाली घेतला तर पाणी नेमकं तिथेच साचतं. चावीच्या पट्टीचा, म्हणजे रबर आवळायला त्यात शेवटी घालतात त्या पट्टीचा, जोड त्यापासून लांब. बसवताना ५ मिमी नायलॉनची दोरी रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत फिरवायची, दोन्ही टोकं खाली वीतभर एकमेकांवरून आत सोडायची. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा. वंगण म्हणून साबणाचं पाणी. ग्रीस किंवा जळकं तेल लावणारे अजूनही भेटतात. ईपीडीएम, म्हणजे काचेला लावायचं हे कृत्रिम रबर, त्याने फुगून मऊ पडतं.

टपाचं अस्तर ज्यांवर ताणलेलं असतं त्या तारेच्या कमानी काढताना पुढून मागे आकडे टाकतो. दिसायला सारख्या, पण प्रत्येकीचा बाक वेगळा. कापड मधल्या कमानीपासून ताणत दोन्हीकडे न्यायचं. नंतरच्या गाड्यांत फोमचं अस्तर असतं, तिथे सोल्यूशन सुटत नाही, फोमचाच भुगा होतो. तो ब्रशने शेवटच्या कणापर्यंत खरवडल्याशिवाय नवं कापड लावलं की भुग्यालाच चिकटतं. टपाला सोलापुरी चादर लावा म्हणणारे असतात. सीटवर ती छान, घाम शोषते. टपावर धूळ धरते आणि धुवायला काढता येत नाही.

दाराच्या पॅडला, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या फळीला, हार्डबोर्ड आता वापरत नाही. खालच्या कडेने पाणी पिऊन तो पापडासारखा वाकतो. ३ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, कडांना आणि क्लिपच्या भोकांना आतून वॉर्निशचे दोन हात, वर रेक्झिन, शिलाई पॉलिस्टर दोऱ्याची. सुती दोरा उन्हाने कुजतो. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद हवाच, आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडलेली हवी. काचेवरून पाणी दारात उतरणारच; ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं. कागद बाहेर राहिला तर तेच पाणी पॅडमध्ये मुरतं. ती भोकं काळ्या मातीने बुजलेली असतात, आधी तारेने मोकळी करतो. सरकत्या खिडकीची काच ज्यात सरकते त्या चॅनलच्या भोकांचंही तेच.

पॅड लावण्याआधी पाणी मारून बघतो. पाइपला नोझल न लावता खालून वर, प्रत्येक कडेला ५ मिनिटं, एक माणूस आत बॅटरी घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. इथला मोठा पाऊस सप्टेंबरचा, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दिलेल्या गाडीची गळती पाच-सहा महिन्यांनी कळायची. तोवर पॅड सडलेलं.

गोंदाने चिकटवलेल्या नव्या गाड्यांच्या पुढच्या काचा आम्ही घेत नाही. ते काम वेगळं.