काट्यावर शून्य आल्याशिवाय

"अप्पा, पूर्ण मनाने देवावर प्रेम करायचं म्हणजे दिवसभर नेमकं करायचं काय?"

हा प्रश्न मला दोन ठिकाणी विचारतात. रावेर-सावद्याच्या भागात केळीचा ट्रक भरेपर्यंत बांधावर बसलेलो असतो, तेव्हा शेतकरी विचारतात. त्यांतले बरेचजण माळकरी घरांतले. भक्ती म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्या विचारण्यात आपुलकी असते. दुसरं ठिकाण म्हणजे तापीपलीकडे भुसावळला, उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात. तिथे मंडळीतली तरुण मुलं सलाम करून जवळ येतात आणि जरा खालच्या आवाजात विचारतात, "प्रार्थनेला बसतो, पण आतून काहीच वाटत नाही. माझं प्रेम आटलं का?"

मी चर्चचा पाळक नाही, केळीच्या व्यापाऱ्याकडे मुनीम आहे. बागेत काट्यावर उभं राहायचं, वजन घ्यायचं, पावती लिहायची. तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या काट्यावरून जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? येशू त्याला नवं काही सांगत नाही. बायबलच्या जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सहाव्या अध्यायातलं, त्या शास्त्र्याला लहानपणापासून पाठ असलेलं वचनच सांगतो, की आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने प्रीती कर. आणि लगेच, कुणी विचारलेलं नसताना, दुसरी आज्ञा जोडतो: शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. ही दुसरी लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. हा अध्याय लक्षात ठेवा, माझी सगळी गोष्ट त्याच्यातच आहे.

आमचे एक वृद्ध पाळकसाहेब होते. आता ते प्रभूकडे गेले. ते मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द उलगडून सांगायचे. आपण अंतःकरण म्हटलं की भावना समजतो, पण इब्री माणूस विचार करतो तो हृदयाने आणि ठरवतो तेही हृदयानेच. म्हणून अंगणातल्या त्या मुलांना मी म्हणतो, बाळांनो, आतून भरून येणं ही देवाची देणगी आहे, येईल तेव्हा घ्या. पण आज्ञा भरून येण्याची नाही. आज्ञा आहे ती ठरवण्याच्या जागी दुसऱ्या कुणाला बसू न देण्याची.

'शक्ती' या शब्दाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकून तर मी त्या दिवशी जेवताना गप्पच होतो. इब्रीत तिथे 'मओद' असा शब्द आहे, आणि त्याचा नेहमीचा अर्थ 'फार', 'अतिशय' असा. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी देवाने सगळी सृष्टी पाहिली आणि ती फार चांगली होती असं म्हटलंय, त्यातला 'फार' तो हाच. म्हणजे प्रेम कर आपल्या 'फार'ने, तुझ्याकडे जे जे म्हणून आहे त्या सगळ्याने. जुन्या यहुदी गुरूंनी याचा अर्थ धन, मालमत्ता असाही लावला. पाळकसाहेब हे सांगत होते आणि मला माझा काटा दिसत होता.

त्याला कारण होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, मुलगी लहान होती. तेव्हा ज्यांच्याकडे मी कामाला होतो त्यांनी सांगितलं, घडाच्या दांड्यापोटी वजनातून जी घट कापायची ठरलीय त्यापेक्षा थोडी जास्त लिहीत जा. थोडीच. एका घडामागे कळणारही नाही अशी. ट्रकभर मालात मात्र ती चांगली भरायची. मी एक पूर्ण हंगाम तसं लिहिलं. त्याच हंगामात मी दर रविवारी तापी ओलांडून उपासनेला जात होतो, गात होतो, प्रभुभोजन घेत होतो. भरूनही यायचं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अंगणातली मुलं भरून येण्यालाच प्रेम समजतात. मला त्या वर्षी खूप भरून यायचं आणि माझ्या पावत्या खोट्या होत्या.

एक म्हातारे शेतकरी पावती बघून एवढंच म्हणाले, "केयी रस्त्यात वायली का भो?" म्हणजे केळी रस्त्यातच वाळली का, भाऊ? माल अजून त्यांच्या बांधावरच होता. रस्ता सुरूही झाला नव्हता. मी मान वर केली नाही.

आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत पवित्र शास्त्र ओळीने वाचायची पद्धत आहे, रोज एक अध्याय, आवडता-नावडता असा भेद नाही. त्या पावसाळ्यात लेवीय चालू होतं. बायको वाचत होती. एकोणिसावा अध्याय आला. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, गरिबासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. मग अठराव्या ओवीत शेजाऱ्यावर प्रीती कर. मी मनात आमेन म्हटलं. ती वाचत राहिली, आणि अध्याय संपता संपता पस्तिसावी, छत्तिसावी ओवी आली: मोजण्यात, तोलण्यात अन्याय करू नका, तुमचे तराजू खरे असावेत, वजनं खरी असावीत. त्याच अध्यायात. येशूने जिथून दुसरी आज्ञा उचलली त्याच पानावर तराजू ठेवलेला होता आणि मी इतकी वर्षं तो बघितलाच नव्हता.

सकाळी जाऊन मी मालकांना सांगितलं, मला हे लिहिता येणार नाही. ते रागावले नाहीत, हिशेब करून पैसे दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. पुढचे सहा महिने बायकोच्या शिवणकामावर घर चाललं. या काळाबद्दल लोकांना जास्त ऐकायचं असतं, पण सांगण्यासारखं फार नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, उधारी वाढली, मग दुसरीकडे काम लागलं.

जास्त जड गेलं ते वेगळंच. त्या हंगामाच्या सगळ्या पावत्या माझ्याकडे नव्हत्या. जेवढे शेतकरी आठवले तेवढ्यांच्या घरी मी गेलो. कुणी रागाने बोललं, कुणी चहा दिला. काहींचे पैसे थोडे थोडे करून फेडले, काही अजून राहिलेत, आणि दोघे तर मी पोचायच्या आधीच वारले. ते म्हातारे बाबा मात्र भेटले. मी सांगितलं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले तं तवाच माहीत होतं. तू कधी येतं तेच पाहत होतो."

मी हे त्यांच्या ओट्यावर उभा राहून ऐकलं. क्षमा म्हणजे काय यावर मी पुष्कळ संदेश ऐकलेत, पण वाट बघत बसलेला माणूस मला तिथे दिसला. तेव्हापासून प्रार्थनेत देवबापाला हाक मारताना माझ्या डोळ्यांसमोर ओटा येतो.

तर दिवसभर काय करतो, या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. माझी आई पीठ मळायला घेण्याआधी मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात काढायची. भाकऱ्या झाल्यावर उरलेलं नाही, आधी. महिन्याला तो डबा एखाद्या गरजूच्या घरी जायचा. मी तशी पहाटेची पंधरा मिनिटं आधी काढतो. त्यात कधी डोळे भरतात, कधी झोप येते, बऱ्याचदा काहीच होत नाही. मग बागेत जातो.

मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेल्यावर, मजुरांना सावलीला बसवून पाणी दिल्याशिवाय पुढचा घड उचलू देत नाही, ट्रकवाला कितीही ओरडू दे. वादळाने बाग आडवी झाली की वजनाला काही नसतं, तरी त्या बांधावर जातो आणि पडलेली खोडं ओढायला हात लावतो. शेतकऱ्याशी काय बोलावं ते मला अजूनही सुचत नाही.

आणि काटा. आता इलेक्ट्रॉनिक काटे आलेत. रिकाम्या पाटावर चिखल किंवा केळीच्या पानाचा ओला तुकडा चिकटलेला असला तरी आकडा दिसतो, शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम. खिशात एक फडकं ठेवतो. प्रत्येक बागेत पहिला घड चढवण्याआधी पाट पुसतो, शून्य येईपर्यंत थांबतो, शेतकऱ्याला जवळ बोलावून दाखवतो आणि मनात म्हणतो, प्रभू, बघ. मग हाक देतो, "चढवा."