तुम्ही विचारलंत म्हणून: कॉस्टेलो अजून का शिकवते

"मॅडम, बलात्कार झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ज्या माणसाने देशाबाहेर जाऊ दिलं नाही, त्याचं नाव तुम्ही इतक्या आदराने कसं घेता?"

आपण आयर्लंडकडून घेतलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचं प्रकरण संपत आलं की कायद्याच्या वर्गात तिथले न्यायाधीश डेक्लन कॉस्टेलो यांच्याबद्दल हा प्रश्न येतोच. स्टाफरूममध्येही येतो. बेळगावची मावशी फोनवर तिच्या पद्धतीने विचारते, "काय गं, आमच्या सविताचा जीव गेला त्या देशात, आणि तू तिथल्याच जज्जाचं काय घेऊन बसलीयस?" आजवर ज्याला जसं सुचेल तसं तुकड्यातुकड्यांत सांगत आले. त्यातला एखादा तुकडा कुणाच्या तरी तोंडून उलटा फिरून माझ्याकडे येतो, तेव्हा मी त्या न्यायाधीशाची वकील झालेली असते नाहीतर भक्त. मी दोन्ही नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

डेक्लन कॉस्टेलो कोण, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. आयर्लंडचे पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांचा मुलगा. 1951 साली वयाच्या चोविसाव्या वर्षी खासदार. 1960च्या दशकात फिन गेलसारख्या सनातनी वळणाच्या पक्षाला 'न्याय्य समाज' हा कार्यक्रम घ्यायला लावणारा माणूस: नियोजन करा, घरं बांधा, आरोग्यावर पैसा खर्च करा. 1973 साली ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार. फौजदारी खटले चालवण्याचं काम राजकारणापासून वेगळं काढणारं कार्यालय आणि कायदा सुधारणा आयोग, दोन्ही त्यांच्याच काळात उभं राहिलं. उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवून त्यांचा छळ केला गेला, म्हणून आयर्लंडने ब्रिटनला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात खेचलं, त्या खटल्यात आयर्लंडची बाजू त्यांनी मांडली. 1977पासून उच्च न्यायालयात, 1995पासून त्याचे अध्यक्ष. 2011 साली वारले.

एका कामाबद्दल मात्र जरा थांबून सांगते. 8 जानेवारी 1979ला मध्यरात्रीनंतर बँट्रीच्या उपसागरात, व्हिडी बेटाच्या धक्क्याला लागलेलं बेतलज्यूझ हे तेलवाहू जहाज फुटलं. पन्नास माणसं गेली. चौकशी कॉस्टेलोंकडे आली. त्यांनी दोन बलाढ्य तेल कंपन्यांना दबून काही लिहिलं नाही. जहाज नीट राखलेलं नव्हतं हे लिहिलं. धक्क्यावर नियंत्रण ठेवणारा माणूस त्या वेळी आपल्या जागेवर नव्हता हे लिहिलं. आणि हे लपवण्यासाठी साक्षी कशा रचल्या गेल्या तेही लिहिलं. सरकारी चौकशी अहवाल वाचायची सवय असलेल्या मला त्यातला स्पष्टपणा नवीन होता.

पण मी कॉस्टेलोंपर्यंत पोचले ती या वाटेने नाही. माझा धाकटा भाऊ डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. त्याला शाळेत घेईना कुणी. आईला शेजारीपाजारी जे ऐकवायचे ते मी लहानपणी दाराआडून ऐकलंय, आणि ते मी इथे लिहिणार नाही. पुढे कायदा शिकताना अपंगांच्या शिक्षणाचा हक्क जगभर कसा उभा राहिला ते वाचत होते. तेव्हा डब्लिनमधल्या सेंट मायकल्स हाउसची माहिती मिळाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी एका आईने 1955 साली सुरू केलेली संस्था. तिच्या कामात वर्षानुवर्षं, अध्यक्ष म्हणूनही, हा मोठ्या घरातला वकील होता. अशा मुलांकडे ज्या काळात देव नाहीतर दया यांच्यापलीकडे कुणी पाहत नव्हतं, त्या काळात. मला त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटली, अजून वाटते. कुणाला ती भाबडी वाटत असेल तर वाटू दे.

आता 1992चा फेब्रुवारी. तुम्हाला तेवढंच ऐकायचं असतं, आणि तुमचं चूक नाही.

मुलगी चौदा वर्षांची. घरच्यांच्या ओळखीतल्या माणसाने अत्याचार केला. जानेवारीच्या शेवटी आईवडिलांना कळलं. आयर्लंडमध्ये गर्भपात नाही, म्हणून इंग्लंडला जायचं ठरलं. जाण्याआधी त्यांनी पोलिसांना विचारलं, की गर्भाच्या डीएनएचा पुरावा गुन्हेगाराविरुद्ध चालेल का? न्याय मागायला गेलेल्या कुटुंबाचा हा प्रश्न पोलिसांकडून सरकारी वकिलांकडे आणि तिथून ॲटर्नी जनरलपर्यंत गेला. ॲटर्नी जनरल उच्च न्यायालयात धावले. 6 फेब्रुवारीला कॉस्टेलोंनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. कुटुंब इंग्लंडला पोचलेलं होतं, ते परत आलं. हुकूम झुगारून तिथेच राहता आलं असतं. ते कायदा मानून परतले. बंद दाराआड सुनावणी झाली आणि 17 फेब्रुवारीला निकाल आला: मुलीने नऊ महिने देश सोडायचा नाही.

त्या निकालपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. समासात वेगवेगळ्या वर्षांच्या पेनांच्या खुणा आहेत. एका परिच्छेदावर मात्र मी कधी पेन टेकवलेलं नाही. मुलीने आईला सांगितलं होतं, जिन्यावरून स्वतःला झोकून द्यावंसं वाटतं. लंडनमध्ये म्हणाली, गाडीखाली उडी घ्यावीशी वाटली. एका पोलीस अधिकाऱ्यासमोर वडील म्हणाले, घरात कुणी गेलं असतं तर त्याहूनही हे वाईट आहे. त्यावर मुलगी म्हणाली, "मी गेले असते तर नाही." मानसशास्त्रज्ञाने साक्षीत सांगितलं की ती रडत-ओरडत नव्हती, थंडपणे बोलत होती. जीव देणं हाच यावरचा उपाय, असं ती विचार करून ठरवू शकेल.

कॉस्टेलोंनी हे सगळं नोंदवलं. धोका खरा आहे हे मान्य केलं. आणि मग तागडीत घातलं: एका पारड्यात मुलगी जीव देईल अशी शक्यता, दुसऱ्यात गर्भाचा जीव जाणार ही खात्री. शक्यता आणि खात्री एका मापाच्या नाहीत, म्हणून मनाई कायम. शिवाय त्यांनी लिहिलं की मुलीला प्रेमळ आईवडील आहेत, येणाऱ्या अवघड महिन्यांत ते तिला सांभाळतील. हे वाक्य मला अजून सोसत नाही. त्या आईवडिलांनी पोरीला सांभाळायचा जो मार्ग शोधला होता, तोच हुकमाने बंद केला आणि त्यांच्याच मायेला हुकमाचं कारण केलं.

मी वकिली शिकत होते तेव्हा या निकालाची बाजू घेऊन भांडायचे. तेव्हाचं माझं म्हणणं असं: 1983 साली आयरिश जनतेने 66.9 टक्के मतांनी घटनेत आठवी दुरुस्ती घातली आणि न जन्मलेल्या जिवाचा जगण्याचा हक्क लिहून टाकला. न्यायाधीशाने काय, ती फाडून फेकायची? उद्या आपल्याकडच्या एखाद्या न्यायाधीशाने आपल्या मनाला लागलं म्हणून घटनेतलं कलम बाजूला ठेवलं तर चालेल? त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजून भांडते. तिला म्हणते, कलम पूर्ण वाच. त्यात आईच्या जगण्याच्या समान हक्काचा योग्य विचार ठेवून, असं लिहिलंय. शक्य असेल तितपत, असंही लिहिलंय. जागा होती. नऊ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने मनाई उठवली, 5 मार्चला कारणं दिली, चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश फिनले यांनी घटनेच्या उद्देशिकेतल्या शब्दांचा आधार घेतला: विवेक, न्याय, करुणा. आईच्या जिवाला खराखुरा आणि मोठा धोका असेल, आत्महत्येचासुद्धा, तर गर्भपात घटनेला धरून आहे. त्याच पुस्तकात हेही होतं.

पण तीही गप्प बसत नाही. ती मला विचारते, सर्वोच्च न्यायालयाने तरी प्रवास अडवता येत नाही असं म्हटलं का? नाही म्हटलं. जिवाला धोका नसता तर अडवता आलं असतं, याकडेच बहुतेक न्यायमूर्तींचा कल होता. म्हणूनच त्या नोव्हेंबरात सार्वमत घेऊन प्रवासाचा हक्क घटनेत वेगळा लिहावा लागला. मग एकट्या कॉस्टेलोंनाच का धरतेस, असं ती विचारते, आणि ती अगदीच चूक बोलत नाही.

कुणाला राग येईल, तरी आणखी एक लिहिते. ज्या माणसाने अनेक वर्षं अशा मुलांच्या आयांसोबत काम केलं, ज्या मुलांबद्दल लोक सहज म्हणतात की जन्माला आलीच नसती तर बरं, त्या माणसाला न जन्मलेल्या जिवाबद्दल इतकं का वाटलं असेल, याची मला कल्पना करता येते. त्यांनी तसं कुठे लिहून ठेवलंय म्हणून नव्हे, मी माझ्या भावाची बहीण आहे म्हणून. पण ही कल्पना मला त्या चौदा वर्षांच्या मुलीपर्यंत नेत नाही. "मी गेले असते तर नाही" या पाच शब्दांपाशी ती थांबते.

लिमरिक या आयरिश शहरातला खटला वर्गात अर्ध्या तासात होतो, पण माझ्या दृष्टीने तो तितकाच महत्त्वाचा. ट्रॅव्हलर, म्हणजे तिथल्या भटक्या समाजाची कुटुंबं, रस्त्याकडेला राहत होती. पाणी नाही, संडास नाही, कचरा उचलायला कुणी नाही. ते कोर्टात गेले. 'न्याय्य समाज'वाले कॉस्टेलो न्यायासनावर. मला वाटलं, आता हा माणूस यांना देणार. त्यांनी ॲरिस्टॉटलची वाटणी काढली: सार्वजनिक संपत्ती कुणाला किती द्यायची हा प्रश्न संसदेचा, न्यायालयाचा नाही. ही मागणी लेन्स्टर हाउसमध्ये, म्हणजे संसदेत करा, फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे न्यायालयात नको. इथे माझं पित्त खवळतं. आपल्याकडे 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला होता. ज्यांची मार्गदर्शक तत्त्वं आपण घेतली, त्यांच्याकडे ती कपाटात, आणि आपण ती बाहेर काढत होतो. अर्थात फुटपाथवरची माणसं ओल्गा टेलिसनंतरही हटवली गेलीच. आणि कॉस्टेलोंनी 1994 साली विकलोच्या ट्रॅव्हलर कुटुंबांच्या खटल्यात आपलं आधीचं मत मागे टाकून सोयी पुरवण्याचा हुकूम दिला. पुढे 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांचं जुनं मतच उचलून धरलं, तेही अपंग आणि अडचणीत सापडलेल्या मुलांच्याच खटल्यांत. माझ्या भावासारख्यांच्या.

मावशीचं काय करू, ते अजून कळलेलं नाही. सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. दातांची डॉक्टर, वय एकतीस. ऑक्टोबर 2012मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो झाला नाही, आणि जंतुसंसर्गाने ती गेली. 28 ऑक्टोबरला. मावशीला मी सांगते, यात कॉस्टेलोंचा हात नाही. त्यांचा निकाल 1992 सालीच रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने जिवाला धोका आणि प्रकृतीला धोका अशी रेघ ओढली, आणि ती रेघ नेमकी कुठे हे ठरवणारा कायदा करायला सरकारांनी वीस वर्षं लावली. न्यायमूर्ती मॅकार्थींनी त्याच खटल्यात सांगितलं होतं की संसदेने कायदा न करणं अक्षम्य आहे. तो 2013 साली झाला, सविता गेल्यावर. आणि ती आठवी दुरुस्ती 2018च्या मे महिन्यात 66.4 टक्के लोकांनी काढून टाकली. मावशी ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे सगळे शहाणे होते, आणि पोरगी गेली." यावर मला बोलता येत नाही.

मग अजून का शिकवते? कारण तो निकाल बेअक्कल न्यायाधीशाने दिला असता तर फेकून देता आला असता. तो त्या देशातल्या सर्वांत तयारीच्या, सर्वांत सचोटीच्या न्यायाधीशांपैकी एकाने दिलाय. माझ्या वर्गातून जी मुलं न्यायासनावर जातील ती बहुतेक सज्जनच असतील. 2017 साली चंदीगडच्या दहा वर्षांच्या मुलीला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली तेव्हाही डॉक्टरांचा अहवाल वाचणारी माणसं वाईट नव्हती.

1994 साली हीनी खटल्यात कॉस्टेलोंनीच आयरिश कायद्यात प्रमाणबद्धतेची कसोटी आणली. हक्कावर घाला घालायचा तर उद्दिष्ट तितकंच वजनदार हवं, उपाय त्याच्याशी जुळणारा हवा, हक्काला धक्का कमीत कमी लागला पाहिजे, आणि परिणाम उद्दिष्टाच्या मानाने बेताचा हवा. तिथली न्यायालयं ती आजही वापरतात. मी परीक्षेत प्रश्न घालते: 1994ची कसोटी 1992च्या मनाई हुकमाला लावा. बहुतेक उत्तरं हुकूम नापास करतात, मीही करते. मागे एका मुलाने तो पास केला. त्याचं म्हणणं असं की एका बाजूचा हक्क पुरता नष्ट होत असेल तर 'कमीत कमी धक्का' हे मोजमाप दुसऱ्या बाजूपुरतंच चालतं, आणि नऊ महिन्यांची बंदी त्यात बसते. आईचाही हक्क पुरता नष्ट होऊ शकतो हे त्याने सोडलं नव्हतं. तिथे त्याने कॉस्टेलोंचीच शक्यता आणि खात्री वापरली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले. कागद परत देताना त्याने विचारलं, "मॅम, म्हणजे तुम्हाला पटलं?" पटलं नाही म्हणाले. का नाही, ते सांगायला त्याला शनिवारी बोलावलं, दोन तास बोललो, आणि तो त्याच मतावर उठून गेला.