संत्र्याची साल, लिमोनीन आणि आमची वाटचाल

अमरावती जिल्ह्यातील वरूड आणि मोर्शी तालुक्यांत संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येते, तर मृग बहाराचे फळ फेब्रुवारीनंतर. या दोन हंगामांवर आमचा उद्योग उभा आहे. मात्र आम्ही संत्रे विकत नाही. रस काढणाऱ्यांकडून उरलेली साल विकत घेतो, तिच्यातील सुगंधी तेल वाफेने काढतो आणि साबण, फिनाईल, अगरबत्ती, सरबत व गोळ्या-बिस्किटे बनवणाऱ्यांना पुरवतो. या तेलाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग एकाच रसायनाचा असतो आणि ते म्हणजे लिमोनीन. आमची वाटचाल सांगायची तर लिमोनीनचा स्वभाव सांगावाच लागतो, कारण शेड कशी बांधायची, पिंप कोणते घ्यायचे, उन्हाळ्यात कामाच्या वेळा कोणत्या ठेवायच्या, हे सगळे आमच्याकडे त्याच्याच स्वभावावरून ठरत गेले आहे.

आमच्या घरची संत्र्याची बाग आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी फळगळीने खाली पडलेल्या किंवा प्रतवारीत मागे राहिलेल्या बारीक फळाला त्या मानांकनाचा उपयोग नसतो. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवत नेल्यावर तर चांगल्या फळाचेही भाव पडले. असे फळ रसाकडे वळते आणि रस निघाला की सालीचा ढीग उरतो. सुरुवातीला ही साल आम्हाला फुकट मिळत असे, कारण ती उचलून नेणारा माणूस भेटला यातच रसवाल्यांना समाधान होते. आता तिला ट्रॉलीमागे दर द्यावा लागतो, आणि आम्ही तो आनंदाने देतो, कारण पैसे मोजलेली साल ताजी मिळते. दुसऱ्या दिवशीची साल आंबू लागते, ढिगाच्या पोटात गरम होते आणि तिच्यातील तेल उडून जाते.

हे तेल सालीच्या केशरी थरातील सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते. लहानपणी संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडवण्याचा खेळ आपल्याकडे बहुतेकांनी खेळलेला असतो. त्या ठिणग्या म्हणजे जळणारे लिमोनीनच. बारीक तुषारांच्या रूपात ते कोणत्याही ऋतूत चटकन पेट घेते, ही गोष्ट त्या खेळात दिसून येते आणि कारखान्यात ती एक दिवसही विसरून चालत नाही.

लिमोनीन एकटे उकळायचे तर १७६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. मात्र ते पाण्यात मिसळत नसल्यामुळे वाफेसोबत शंभर अंशांच्या किंचित खालीच डेगेतून, म्हणजे साल भरायच्या मोठ्या बंद भांड्यातून, बाहेर पडते. सालीचे तुकडे करून डेगेत भरायचे, खालून बॉयलरची वाफ सोडायची, वर आलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करायची आणि खालच्या सेपरेटरमध्ये तेल-पाणी वेगळे होऊ द्यायचे, एवढाच हा उद्योग आहे. लिमोनीनची घनता ०.८४ असल्यामुळे तेल वर तरंगते आणि काचेच्या नळीत त्याचा थर स्पष्ट दिसतो. क्विंटलभर ताज्या सालीतून अर्धा किलो तेल हाती आले तर आम्ही त्या दिवशी समाधानी असतो. वाफ मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ देऊ नये. सालीतील आम्लाच्या सान्निध्यात लिमोनीन फार वेळ गरम राहिले की त्याचा काही भाग टर्पिनिऑलसारख्या पदार्थांत बदलतो आणि तेलाचा ताजेपणा जातो. शेवटचे चार थेंब पदरात पाडून घेण्यासाठी डेग तासभर अधिक चालवणे आम्हाला कधीच परवडलेले नाही.

नव्या ग्राहकाला एक गोष्ट नेहमी समजावून सांगावी लागते. तेलात लिमोनीन सर्वाधिक असले, तरी संत्र्याचा जो वास आपल्याला ओळखीचा वाटतो, त्यातील बराचसा वाटा ऑक्टॅनल, डेकॅनल यांसारख्या अत्यल्प प्रमाणातील अल्डिहाइडांचा, म्हणजे तीव्र वासाच्या रसायनांचा, असतो. नुसते शुद्ध लिमोनीन हुंगले तर मंद, गोडसर, लिंबूवर्गीय वास येतो. त्याचा रेणू डाव्या-उजव्या हातांप्रमाणे दोन रूपांत आढळतो. संत्र्यातील रूप उजवे, आणि त्याच्या आरशातील प्रतिमेसारख्या डाव्या रूपाला टर्पेंटाइनकडे झुकणारा वास असतो. त्यामुळेच तेलातून ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश किती वळतो हे मोजून भेसळीचा अंदाज बांधता येतो. आमच्याकडे हे मोजणारे पोलरिमीटर नाही, नमुने नागपूरला तपासून घेतो. अपवर्तनांक, म्हणजे तेलात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, मात्र येथेच पाहतो आणि तो १.४७ च्या पुढेमागे आला नाही, तर ते पिंप बाजूला काढतो.

पहिले ग्राहक फिनाईल आणि ग्रीस काढणारे द्रावण बनवणारे होते. त्यांना वासाबरोबर लिमोनीनची विरघळवण्याची ताकद हवी होती आणि ती ताकद मोठी आहे. कामावर नवीन आलेल्या मुलाला आम्ही स्टीलच्या वाटीत थोडे तेल घेऊन त्यात टीव्हीच्या खोक्यातील थर्माकोलचा तुकडा टाकून दाखवतो. तुकडा आधी कडेने खचतो, बुडबुडे सोडत आत ओढला जातो आणि पाहता पाहता वाटीच्या तळाशी चिकट डिंक तेवढा उरतो. ‘भाऊ, हे त पिऊन गेलं सारं!’ असे एक जण म्हणाला होता, आणि नंतर कोणत्याही डब्यात तेल ओतण्याआधी तो विचारायला येऊ लागला. साधे रबर लिमोनीनमध्ये फुगते, पीव्हीसीची नळी नरम पडते, स्वस्त प्लास्टिकच्या कॅनचा आकार बिघडतो. म्हणून आमच्याकडे तेलासाठी स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, काच किंवा आतून लेप दिलेले पोलादी पिंपच वापरतात आणि झाकणाखालचे वायसर टेफ्लॉनचे असते.

आता मुख्य विषय, म्हणजे उष्णता. लिमोनीनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४८ अंश सेल्सिअस आहे. द्रवावरच्या हवेत ठिणगी पडली तर भडका उडेल इतकी वाफ ज्या तापमानाला तयार होते, तो हा बिंदू. थंड प्रदेशातील गोदामात किंवा वातानुकूलित प्रयोगशाळेत हा आकडा दिलासा देणारा वाटतो, कारण तेथील हवा पंचवीस अंशांवर असते. विदर्भात तसे नाही. नागपूरला मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि हे सावलीतल्या हवेचे तापमान. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, टिनाच्या पत्र्याखालची हवा किंवा उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोतील पिंपाचा पत्रा किती तापतो, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. सुरक्षापत्रकावर जे तेल ‘ज्वलनशील, पण मध्यम धोक्याचे’ म्हणून येते, ते आपल्या मे महिन्यात पेट्रोलच्या धाकाने हाताळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हवेत लिमोनीनची वाफ आकारमानाने जेमतेम पाऊण टक्का झाली तरी ते मिश्रण पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा साडेचार पटींहून अधिक जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते आणि नालीतून, खड्ड्यातून दूरच्या विस्तवापर्यंत पोचू शकते.

त्यामुळे आम्ही तेलाचे गोदाम बॉयलरपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला बांधले. त्याची जमीन अर्धी खोदून खाली घेतली आहे, भिंती जाड आहेत आणि छपरावर पत्र्याऐवजी पांढरा रंग दिलेला स्लॅब आहे. जड वाफ साचू नये म्हणून पंख्याने बाहेर काढायची हवा जमिनीजवळून ओढली जाते. वरच्या झरोक्यांचा येथे फारसा उपयोग नाही. दिव्याची बटणे बाहेर आहेत. मोबाइल दाराशीच ठेवून आत जावे लागते. मार्चपासून जूनपर्यंत पिंप भरण्याचे आणि गाडीत चढवण्याचे काम पहाटे उरकतो, आणि दुपारी मालाची गाडी निघू देत नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो. वाहतूकदारांना हे पटवणे तेल काढण्यापेक्षा अवघड गेले.

ओतताना आणखी एक धोका असतो, तो स्थिर विजेचा. लिमोनीन हा हायड्रोकार्बन विजेचा वाहक नाही. नळीतून वेगाने वाहताना किंवा उंचावरून पडताना त्यावर विद्युतभार साचतो आणि दोन भांड्यांमध्ये ठिणगी उडू शकते. देणारे पिंप आणि घेणारे पिंप तांब्याच्या वायरने एकमेकांना जोडून ती वायर जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला लावल्याशिवाय आमच्याकडे नळ उघडत नाहीत, आणि नळीचे टोक पिंपाच्या तळापर्यंत गेलेले असते. तेल पुसलेल्या चिंध्यांचाही नियम कडक आहे. कापसाच्या मुलखात पुसायला रुई आणि सुती चिंध्या मुबलक असतात, पण तेलाने भिजलेला बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर हवेशी संयोग होताना तो आतून तापत जातो आणि स्वतःहून पेटू शकतो. म्हणून बोळे पाणी भरलेल्या झाकणाच्या बादलीत जातात. आग लागलीच तर तिच्यावर पाण्याचा झोत मारायचा नाही, कारण पेटलेले तेल पाण्यावर तरंगत पसरते. त्यासाठी फोम, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लागते.

हवेशी होणारा हाच संयोग गुणवत्तेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ताज्या लिमोनीनने त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोका कमी असतो. अर्धवट रिकाम्या पिंपात, उजेडात, उष्णतेत ते पडून राहिले की त्याची हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात, आणि त्वचा संवेदनशील करणारी तीच. सोबत कार्व्होनसारखे पदार्थ तयार होऊन वासाला शहाजिऱ्याची छटा येते आणि ती सरबतवाल्याच्या नाकातून सुटत नाही. सौंदर्यप्रसाधनांसाठी तेल घेणाऱ्या एका खरेदीदाराने पेरॉक्साइड मूल्याचा, म्हणजे तेलात अशी पेरॉक्साइडे किती आहेत याचा, दाखला मागितला, तेव्हापासून आमच्या छोट्या प्रयोगशाळेची सुरुवात झाली. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हिचा दंडक असा की वापरायच्या लिमोनीनमध्ये पेरॉक्साइडचे प्रमाण लिटरला २० मिलिमोलच्या आत असावे. ही चाचणी गावातही करता येते. नमुन्यात पोटॅशियम आयोडाइड घातले की पेरॉक्साइडमुळे आयोडीन मोकळे होऊन द्रावण पिवळे-तपकिरी पडते. मग सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडत, शेवटी स्टार्च घालून, निळा रंग नाहीसा होईपर्यंत मोजायचे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आमच्याच गावातील मुलगी हे काम करते आणि तिने नापास केलेले पिंप मी स्वतः पास करू शकत नाही. पिंप काठोकाठ भरणे, उरलेल्या जागेत नायट्रोजन सोडणे आणि काढल्या दिवशीच तेलात बीएचटी किंवा टोकोफेरॉल हे ऑक्सिडीकरणरोधक अल्प प्रमाणात मिसळणे, या तिन्ही गोष्टी आता नित्याच्या झाल्या आहेत.

युरोपीय संघात तर अंगाला लावून ठेवायच्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त लिमोनीन असेल, तर त्याचे नाव वेष्टनावर छापावे लागते. खाद्यपदार्थांत ते स्वाद म्हणून जगभर मान्य आहे. नर उंदरांच्या मूत्रपिंडात त्यामुळे गाठी झाल्याचे वाचून एका ग्राहकाने आमच्याकडे काळजीने विचारणा केली होती. त्या गाठी नर उंदरांत आढळणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनामुळे होतात आणि माणसात ती प्रक्रिया घडत नाही; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लिमोनीनला तिसऱ्या गटात, म्हणजे माणसासाठी कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही अशा पदार्थांत ठेवले आहे. याचा अर्थ निव्वळ तेल तोंडात घ्यावे असा नाही. ते चुकून गिळले गेले तर उलटी करवू नये, कारण पातळ तेल श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसाला इजा करते. रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. त्वचेवर पडले तर साबणाने धुवावे, डोळ्यात गेले तर पाण्याच्या धारेखाली बराच वेळ डोळा धरावा. आमच्याकडे नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय भरणीच्या ओळीत कोणी उभे राहत नाही.

पाण्यातील जिवांना हे तेल अतिशय घातक आहे, म्हणून सेपरेटरचे पाणी नाल्यात न सोडता पुन्हा बॉयलरच्या बाजूला फिरवले जाते आणि सांडलेले तेल वाळूने टिपून घेतले जाते. उरलेल्या सालीचा प्रश्न मात्र तेल काढून घेतल्यानेच सुटला. कच्ची साल गोबरगॅसच्या टाकीत टाकली तर तिच्यातील लिमोनीन वायू तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते आणि टाकी बंद पडते. तेल निघालेल्या सालीत लिमोनीन फारच थोडे उरत असल्याने ती शेणात मिसळून चालते. आमच्या टाकीतील गॅसवर सध्या प्रयोगशाळेची शेगडी आणि कामगारांचा चहा होतो, आणि स्लरी बागेत जाते. पुढच्या आंबिया बहारात कमी दाबाखाली, कमी तापमानाला लिमोनीनचा काही भाग काढून घेऊन संत्र्याच्या वासाचे घट्ट तेल वेगळे करण्याचे यंत्र बसवण्याचा विचार आहे. त्याचे दरपत्रक आले आहे, बँकेशी बोलणे चालू आहे, आणि यंत्र कोठे बसवायचे हे ठरवताना पहिला प्रश्न मे महिन्यात त्या जागी किती ऊन येते हाच विचारला गेला.