ओजीसानच्या दोन पिशव्या

आमच्या शेजारच्या आजोबांना, म्हणजे ओजीसानना, दरवर्षी दोन पिशव्या शिताके अळंबी किरणोत्सर्गासाठी तपासून घ्यायची असते. इथे जपानमधल्या फुकुशिमात घरच्यासाठी पिकवलेलं महापालिकेकडून मोजून मिळतं. यंदा मीही सोबत गेले.

अळंबी बारीक चिरून भांड्यात दाबून भरली आणि ते भांडं शिशाच्या जाड पेटीत ठेवलं, म्हणजे बाहेरचा किरणोत्सर्ग मोजणीत मिसळत नाही. मग वाट पाहायची. पडद्यावर आलेख हळूहळू चढू लागला. १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचं माप) इथलं शिखर पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सर्गी पोटॅशियमचं. ते आपल्या रोजच्या भाजीतही असतं. आमचं लक्ष मात्र ६६२ वर, अणुअपघातातून पसरलेल्या किरणोत्सर्गी सीझियम-१३७ च्या जागी. बुरशीला पोटॅशियम हवं असतं आणि सीझियम रसायनाने त्याचंच भावंड, त्यामुळे ती तेही शोषून घेते.

मार्च २०११ मध्ये इथल्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा इथल्या कोनारा ओक झाडांना पालवी फुटली नव्हती. सीझियम थेट सालीवर बसलं, नंतर लाकडात उतरलं. याच लाकडाचे ओंडके करून, भोकं पाडून त्यांत बुरशीच्या खुंट्या ठोकतात. अपघातापूर्वी फुकुशिमातून असे ओंडके कितीतरी प्रांतांना जात असत. आता विक्रीच्या अळंबीत किलोला १०० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्सर्गाचं माप) जास्त सीझियम चालत नाही (एप्रिल २०१२ पूर्वी ५०० चालत होतं). ओंडक्याला मर्यादा त्याहून कडक, ५०. कारण लाकडातून अळंबीत ते दुपटीने चढू शकतं. भुश्शावर वाढवलेल्या अळंबीत तेवढं चढत नाही, म्हणून भुश्शाला २०० पर्यंत सूट आहे. मला हा हिशेब फार पटला: तपासणी ताटापाशी नाही, झाडापाशी सुरू होते.

पहिली पिशवी दूरच्या प्रांतातून विकत आणलेल्या ओंडक्यांवरची. त्यात सीझियम सापडलंच नाही. दुसरी ओजीसानच्या स्वतःच्या रानातल्या लाकडावरची. ती १०० च्या वर गेली.

"विकत घेतलेल्यावरच वाढवा ना," मी म्हटलं.

"रान माझं आहे," ते म्हणाले. "त्याची तब्येत मला कळायला हवी."

कोनारा तोडला की खुंटातून पुन्हा फुटवे येतात आणि वीसेक वर्षांत ओंडक्याजोगे होतात. सीझियम-१३७ निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात. ओजीसान आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी आकडा वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याखाली लिहिला, वही छातीशी धरून जरा वेळ बसून राहिले आणि मग पहिल्या पिशवीतली उरलेली अर्धी अळंबी माझ्या हातात दिली.